आण्णांची पेटी आणि 31 काडतुसं

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. माझी 22 वर्षांची मुलगी नाशिकला कॉलेज रोडला राहते, ट्रॅप शूटिंग (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवर नेमबाजी) करते. तिचं बारा बोअरच्या बंदुकीचं स्वतःचं लायसन्स आहे. माझे वडील, आण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले; त्यांची बंदूक वारसाने माझ्या लायसन्सवर आली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांची पेटी सापडली. आत काडतूस भरायचं हाताचं यंत्र, पितळी नळ्या, ठिणगी देणाऱ्या टोप्यांची डबी, छर्ऱ्यांची पिशवी आणि बंदुकीच्या दारूचा अर्धा डबा. आण्णा काडतुसं वगैरे सगळं घरीच करायचे. सरावाची काडतुसं परवडत नाहीत, म्हणून व्हिडिओ पाहून मी मुलीच्या वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत 50 काडतुसं भरली आणि तोंडं मेणाने बंद केली. तिने 19 झाडली. मग रेंजवर कोचना मेण दिसलं आणि त्यांनी सराव थांबवला. 31 उरली आहेत. कोच म्हणतात फेकून द्या. मेहुणा म्हणतो शेतात झाडून टाका आणि पितळ भंगारात घाला. पोलिसांपर्यंत अजून काही गेलेलं नाही. अंबडचा एक मित्र लेथवर भरायच्या यंत्राची नवीन डाय (साचा) करून द्यायला तयार आहे. घरी काडतुसं भरायची रीतसर परवानगी मिळते का? आणि आत्ता मी काय करू?

उत्तर : दादा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याला घाई नाही.

फेकू नका, झाडू नका, भंगारात देऊ नका. मित्राला आजच फोन करून डायचं काम थांबवा. का, ते पुढे येईलच. भरलेली काडतुसं उकलून दारू वेगळी काढायचं डोक्यात असेल तर तेही काढून टाका. एक तर त्यात बोटं जातात. दुसरं, आज तुमच्याकडे जे आहे ते नाहीसं केलंत तर एका गुन्ह्याचे दोन होतात. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तेच कलम 201 होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले होते. त्यांनी वडिलांची जुनी काडतुसं पिशवीत बांधून गोदावरीत सोडली होती. पिशवी पाणवेलीत अडकली. पिशवीवर त्यांच्याच गल्लीतल्या किराणा दुकानाचं नाव छापलेलं होतं. पुढचं सांगायला नको.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ती 31 काडतुसं आत्ता आहेत कुठे? निफाडला माळ्यावर, की मुलीच्या खोलीवर कॉलेज रोडला? जिथे असतील तिथेच राहू द्या. ‘पोरीकडून घेऊन येतो आणि पेटीत ठेवतो’ असं करू नका. निफाड ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, कॉलेज रोड शहर आयुक्तालयात. नांदूर नाक्यावर नाकाबंदीत गाडी थांबली तर डिकीतल्या मेण लावलेल्या काडतुसांबद्दल तुम्ही रस्त्यावर उभं राहून काय सांगणार?

आता तुमच्या हातून कायद्याच्या भाषेत काय झालं ते सांगतो. लायसन्स आहे म्हणजे काडतूस आपलंच, मग ते भरलं काय नि विकत आणलं काय, असं बहुतेकांना वाटतं. ते तसं नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये दोन वेगळी दारं आहेत. कलम 3 बाळगण्याचं. तुमची आणि मुलीची लायसन्सची पुस्तिका त्या दारातली आहे. कलम 5 बनवण्याचं, विकण्याचं, दुरुस्त करण्याचं. काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो आणि तो तुमच्या पुस्तिकेत नाही. रिकाम्या नळीत टोपी, दारू, छर्रे घालून तुम्ही एक नवीन जिवंत काडतूस तयार केलंत. ‘मी फक्त पुन्हा भरलं’ हा बचाव घेता येईल, पण त्यावर तुमचं घर पणाला लावू नका.

का, ते शिक्षेच्या आकड्यावरून कळेल. बेकायदा बनवण्यासाठी कलम 25 (1)(अ) आहे. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीआधी तिथे 3 ते 7 वर्षं होती. आता कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. देशी कट्ट्यांचे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून ही वाढ झाली, हे मला मान्य. पण कलमात ‘कारखाना’ असा शब्द नाही, आणि 50 काडतुसांचा बाप आणि 5000 चा धंदेवाला यांच्यात ते फरक करत नाही. तो फरक करायचा तर कोर्टाने, तोही शिक्षेच्या वेळी, आणि 7 वर्षांच्या खाली जायला कोर्टाचेही हात बांधलेले. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे कलम फार जाडं विणलंय. पण माझ्या मतावर जामीन मिळत नाही.

आता पेटीकडे येऊ. पेटीतल्या वस्तू म्हणजे ‘नुसत्या वस्तू’ नाहीत. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे आण्णांचं ते हाताचं यंत्र, टोप्यांची डबी, पितळी नळ्या हे सगळं कायद्याच्या डोळ्यांना दारूगोळाच. अंबडच्या मित्राने डाय खरादली तर ती डायही या व्याख्येत येते, आणि त्याला ते माहीतही नसेल. यंत्र बाहेरच्या देशातून मागवायचा विचार असेल तर तिथे कलम 10 चा आयात परवाना आणि कस्टम असं वेगळंच लचांड आहे.

इथे एक बारीक सूट आहे, कलम 45 (ड) ची. काडतुसाचे किरकोळ भाग, जे दुसऱ्या पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नाही, ते बाळगायला लायसन्स लागत नाही. त्यामुळे कुणाच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये तांबट आळीतून चकचकीत करून आणलेली पितळी काडतुसाची नळी ठेवलेली असते, तिला पोलीस हात लावत नाहीत. पण तीच नळी टोप्यांच्या डबीशेजारी, दारूच्या डब्याशेजारी आणि भरायच्या यंत्राखाली सापडली की ती शोभेची राहत नाही. सूट इराद्यावर उभी आहे, आणि तुमच्या 50 काडतुसांनी तो इरादा लिहूनच ठेवलाय. म्हणून ‘आण्णांची आठवण म्हणून ठेवली होती’ हे वाक्य पेटीबद्दल दिवाळीपर्यंत खरं होतं. आता अर्धवट खरं आहे.

दारूच्या डब्याचं मात्र गांभीर्य वेगळं आहे. तो शस्त्र कायद्याच्याही पलीकडे स्फोटकांच्या कायद्याखाली येतो, आणि पोलिसांनी मनावर घेतलं तर स्फोटक पदार्थ अधिनियम 1908 चं कलम 5 लावायचाही प्रयत्न होऊ शकतो. कायद्याआधी सुरक्षिततेचं बोलू. ती काळी दारू आहे की धूर न होणारी, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि आण्णांना विचारता येणार नाही. काळी दारू ठिणगीने पेटते. बिनधुराची जुनी झाली की आतल्या आत कुजते, आंबूस उग्र वास येतो, तांबूस पूड दिसते. ही माहिती मला ट्रॅप खेळणाऱ्या एका स्नेह्याने दिली आणि वर म्हणाला, ‘वास घेऊन बघायला जाऊ नका.’ तेच तुम्हाला सांगतो. डबा उघडू नका, हलवू नका, माळ्यावर विडी-सिगारेट आणि मुलंबाळं नकोत. एका दारूचं माप दुसऱ्या दारूला लावलं तर बंदुकीची नळी फुटते. तुमच्या मुलीने 19 झाडली आणि तिचा गाल शाबूत आहे, यात तुमच्या हिशेबापेक्षा नशिबाचा भाग जास्त.

तुम्ही लिहिता की आण्णा सगळं घरीच करायचे. त्या काळच्या शेतकऱ्याकडे ठासणीची बंदूक असायची. नळीत दारू ठासणं म्हणजे बंदूक वापरणं. काडतूस भरून ठेवणं म्हणजे बनवणं. आण्णांनी नेमकं काय केलं ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही, पण त्यांचा दाखला देऊन तुमची बाजू बळकट होणार नाही.

आता करायचं काय? शस्त्र अधिनियमाचं कलम 21 म्हणतं की कोणत्याही कारणाने ज्याचं बाळगणं कायदेशीर राहिलेलं नाही असा दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. वारसाने आलेल्या आण्णांच्या पेटीसाठी हा तुमचा रस्ता. पण पेटी खांद्यावर टाकून ठाण्यात जायचं नाही. आधी फौजदारी काम करणारा वकील धरा, त्याच्याकडून अर्ज लिहून घ्या, अर्जात दारूच्या डब्याचा स्पष्ट उल्लेख करा आणि तो उचलायला बॉम्ब शोधक व नाशक पथक पाठवावं अशी विनंती करा. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का न घेता कुणीही ‘ठेवून जा हो काका’ म्हणालं तर ठेवून येऊ नका.

31 काडतुसांचं अवघड आहे, आणि इथे मी गोड बोलणार नाही. स्वतःहून जमा केलं म्हणजे बनवल्याचा गुन्हा पुसला जातो असं कायद्यात कुठेही नाही. त्यामुळे अर्ज देण्याच्या आधी तुमच्या वकिलाने अटकपूर्व जामिनाचा विचार करायला हवा; आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली, सत्र न्यायालयात. अर्जात किती सांगायचं, काय सांगायचं नाही, हे त्याच्यासमोर बसून ठरवा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही, तो संविधानाच्या अनुच्छेद 20 (3) चा हक्क आहे. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. ‘ही 31 पण आण्णांचीच’ असं लिहायचा मोह होईल. करू नका. नळ्या प्लास्टिकच्या आहेत, बुडावर कंपनीचा शिक्का आहे, आणि मुलीच्या खरेदीच्या पावत्यांशी तो जुळेल. दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस यंदाच्या नळीत काडतूस भरत नाही. स्वतःहून जमा करण्याचा फायदा जामिनाच्या वेळी आणि लायसन्सच्या सुनावणीत होतो; एक खोटं वाक्य तो सगळा फायदा खाऊन टाकतं.

मुलीची काळजी तुम्हाला सगळ्यात जास्त असणार, ते पत्रात दिसतं. तिने बनवलं नाही, पण बाळगलं आणि वापरलं. ‘बाळगणं’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल प्रकरणात आणि पुन्हा 1994 मध्ये संजय दत्तच्या प्रकरणात सांगितलं आहे. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एखादं काडतूस निघतं तेव्हा याच तत्त्वावर सुटका होते. पण तिने मेणाची तोंडं 19 वेळा हातात धरली आहेत. ‘तिला माहीत नव्हतं’ हे टिकणार नाही, आणि ते तुम्ही तिच्या वतीने बोलूही नका. तिचा वकील शक्यतो वेगळा ठेवा. बाप-लेकीचं हित इथे प्रत्येक पायरीवर एकच असेल असं नाही. तुम्हाला हे ऐकायला वाईट वाटेल, मला लिहायलाही वाटतंय. लायसन्स कलम 17 खाली निलंबित झालं तर कलम 18 चं अपील आहे, पण तिचं शहर आयुक्तालयाचं आणि तुमचं जिल्हाधिकाऱ्यांचं, म्हणजे दोन वेगळी प्रकरणं, दोन वेगळ्या तारखा. मुदत चुकवू नका.

आता पहिला प्रश्न. तुमच्या बाळगण्याच्या लायसन्सवर घरी काडतुसं भरता येत नाहीत. उद्या कुणी ‘शूटरला चालतं’ म्हणालं तर परवाना अधिकाऱ्याची लेखी परवानगी मागा. तोंडी काहीही धरू नका. आणि हिशेब करा. ट्रॅपच्या एका फेरीत 25 तबकड्या, प्राथमिक फेरीत प्रत्येकीला दोन बार मारता येतात. म्हणजे तुमची 50 काडतुसं एका फेरीत संपू शकतात. शिवाय स्पर्धेत 24 ग्रॅम छर्ऱ्यांची मर्यादा असते, ती मेणाच्या काडतुसात पाळली गेली का हे कोण सांगणार? एका सकाळच्या सरावाची बचत आणि समोर 7 वर्षं.

काडतुसांचा खर्चही खराच आहे, तो मी नाकारत नाही. त्यासाठी रस्ता कोट्याचा आहे. क्लबचं आणि रायफल असोसिएशनचं प्रमाणपत्र, स्पर्धांचे निकाल जोडून परवाना अधिकाऱ्याकडे जादा काडतुसांसाठी अर्ज करता येतो. फेब्रुवारी 2020 च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेने खेळाडूंना मिळणारा कोटा वाढवला आहे. मुलगी नक्की कोणत्या वर्गात बसते ते तिच्या कोचकडून लिहून घ्या. बाकी अर्धा सराव काडतुसाविना होतो. रिकामी बंदूक खांद्याला लावणं, नळी फिरवणं, चाप दाबणं हे खोलीतही करता येतं आणि चांगले शूटर ते करतात. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. तो प्रकार .22 चा. त्या काडतुसाच्या कडेतच टोपीचा मसाला असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरणं जवळपास अशक्यच. हा मोह त्या खेळाडूंना होत नाही एवढंच.

वकिलाकडे जाताना पेटी नेऊ नका, काडतूस नेऊ नका, पेटीचे नवे फोटो काढून कुणाला पाठवू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच टाकला असेल तर तो पुसू नका, वकिलाला दाखवा. दोन्ही लायसन्सच्या पुस्तिका, आण्णांचा मृत्यूचा दाखला, बंदूक तुमच्या नावावर झाल्याचा कागद आणि मुलीच्या काडतुसांच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून न्या. सोमवारी कोर्टात गर्दी असते. मंगळवारी सकाळी जा.