चित्र कोणासाठी काढलंस?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं तुमच्या सॉफ्टवेअरच्या आर्किटेक्चरचं, म्हणजे एकूण रचनेचं, डॉक्युमेंट काल रात्री वाचलं. बावीस पानं, आणि तिसऱ्या पानावर एकाच चित्रात चाळीसेक चौकटी. मेहनत दिसते. पण हे कोणी वाचायचं, ते शेवटपर्यंत कळेना.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की जलसंपदाचे लोक क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असं बोलतात. सराफ बाजारातला दुकानदार विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशिककर पूर मोजतात. छातीपर्यंत म्हटलं की दुकानदार खालचा माल हलवायला घेतो. पूर एकच, पण नुसत्या क्युसेकवरून त्याला काही ठरवता येत नाही. डॉक्युमेंट वाचताना मी हेच बघतो, की वाचणाऱ्याला त्यावरून पुढचं पाऊल उचलता येतंय का.

सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या फिलिप क्रुश्टेन यांनी १९९५ मध्ये आर्किटेक्चर दाखवायची ‘४+१’ पद्धत मांडली तीही यासाठीच. वापरणाऱ्याला मिळणारी कामं, सिस्टीम चालू असताना एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी, कोडची रचना आणि कोणत्या मशिनवर काय बसतं, अशी चार दृश्यं. आणि चौघांना जोडणारे वापराचे प्रसंग. प्रत्येक वेळी चारही काढायलाच हवीत असं मात्र मला वाटत नाही.

पिंपळगावला एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं काम करत होतो, तेव्हा मीही असंच मोठं चित्र घेऊन गेलो होतो. सुपरवायझरनं ते क्रेटवर पसरलं, थोडा वेळ पाहिलं आणि वजनकाट्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. “साहेब, लाईट गेली की मोजलेलं वजन कुठं राहतं?” माझ्या चित्रात त्याचं उत्तर नव्हतं. खरं तर सगळ्या आर्किटेक्चरमधला तोच कळीचा प्रश्न होता. तिथंच वहीच्या पानावर तीन चौकटी काढल्या: काटा, टॅबलेट, सर्व्हर. वजन आधी टॅबलेटमध्ये साठतं, नेट आलं की वर जातं, पावती क्रमांक तोच राहतो म्हणून दोनदा चढत नाही. ते पान त्यांनी काट्याशेजारी चिकटवलं.

मालकाला यातलं काही नको असतं. खर्च किती, हंगामात बंद पडलं तर काय, शेतकऱ्याची माहिती कोणाला दिसते, एवढं एका पानात दे. डेव्हलपरला मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या भागांच्या, सीमा आणि त्या भागांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले मार्ग, म्हणजे एपीआय, दाखव. रात्री फोन उचलणाऱ्याला काय कुठे चालतं आणि आधी कोणता लॉग, म्हणजे सिस्टीमनं स्वतः लिहिलेली नोंद, बघायचा ते हवं.

आणि कारणं लिही, हे मी कळकळीनं सांगतो. एका जुन्या नोकरीत मधली क्यू, म्हणजे आलेल्या नोंदी रांगेत धरून ठेवणारा भाग, का ठेवली होती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या टीमला ती फालतू वाटली, काढून टाकली. ऐन गर्दीच्या दिवशी नोंदी गहाळ झाल्या आणि आम्ही दोन रात्री हातानं जुळवत बसलो. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्याच मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली निर्णयनोंद अगदी साधी आहे: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय, आणि तो निर्णय आजही लागू आहे का. एक-दोन पानांत बसते. कोड जिथे साठवता त्याच रिपॉझिटरीत ठेव, म्हणजे कोड बदलताना ती समोर येईल.

शनिवारी ये. येण्याआधी तुमच्या सपोर्टच्या माणसाशेजारी तासभर बस, आणि तो काय काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहून आण. चित्रं आपण त्यानंतर काढू.

तुझा,
सर