ब्रिस्बेन ते सिडनी मोटारहोमने जाताना वाटेत निंबिन हे ‘हिप्पींचं गाव’ बघावं का? सोबत सासू-सासरे आणि मुलं आहेत

जा. पण तासाभरासाठी डोकावणार असाल तर नका जाऊ. एक रात्र मुक्काम जमत असेल तरच गाडी तिकडं वळवा.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येताय, ब्रिस्बेनला मोटारहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन सिडनीला सोडणार आहात, आणि सासऱ्यांना कुणीतरी ‘ते गांजाचं गाव आहे’ एवढंच सांगितल्यामुळं ते नको म्हणताहेत. आमच्याकडं नको म्हणणारा मी होतो. मी ब्रिस्बेनला नऊ वर्षं राहतोय आणि निंबिनबद्दल ऑफिसात जे काही ऐकलं होतं ते सगळं डोळा मारूनच सांगितलेलं. आई-आबा कोल्हापूरकडच्या गावातून पहिल्यांदाच आले होते. त्यांना घेऊन तिथं कशाला जायचं? पण बायकोनं सात मीटर लांबीची गाडी बुक करून टाकली आणि नकाशावर त्या गावाभोवती गोलही काढला.

तर पहिली फजिती. ऑक्टोबरचा महिना होता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे निंबिनच्या राज्यात, घड्याळ एक तास पुढं असतं, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँडमध्ये नसतं. इतकी वर्षं राहून हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आईच्या गोळ्या, मुलाची उलटी आणि आबांचा ‘संडासाची टाकी कुठं ओतायची रं?’ हा प्रश्न यांत सीमा कधी ओलांडली ते कळलंच नाही. आम्ही निवांत चारला पोचलो असं समजत होतो, तिथं पाच वाजलेले. दुकानांची दारं ओढली जात होती.

म्हणजे निंबिनचा मुख्य रस्ता, कलन स्ट्रीट, आम्ही नेमका सगळ्यात वाईट वेळी पाहिला. रंग मात्र झकास आहेत हो. दुकानांच्या दर्शनी पाट्या, भिंती, खांब, सगळ्यावर इंद्रधनुष्यं आणि नाग आणि डोळे, आपल्याकडं ट्रकच्या मागं असतात तशी हौस. पण त्याखाली, दुकानं बंद व्हायच्या वेळेला, थोडी तारवटलेली, थोडी हरवलेली माणसं उभी असतात. एक पोरगा आईच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘कुकीज?’ आई माझ्याकडं वळून म्हणाली, ‘बिस्किटं विकतोय बिचारा, घे की पुडा.’ मी तिला दंडाला धरून पुढं नेलं.

हे हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः पाहुणे म्हणून येणाऱ्यांनी. गांजा न्यू साउथ वेल्समध्ये आजही बेकायदा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो तो वेगळा. स्वतःपुरता थोडा गांजा बाळगू देणाऱ्या कॅनबेराच्या कायद्याबद्दल तुम्ही वाचलं असेल, तो इथं लागू नाही. रस्त्यात कुणी दिलेली कुकी किंवा ब्राउनी मुलांच्या हाती पडू देऊ नका, त्यात नेमकं काय आणि किती आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि या भागात पोलीस चालकाची लाळ तपासतात. नशा चढलीय का हा प्रश्नच नसतो, लाळेत अंश सापडला की गुन्हा. गाडी चालवणाऱ्यानं तर चवीलाही नाही. मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथं ‘मार्डी ग्रास’ भरतो, १९९३ पासून. गांजावरची बंदी उठवा म्हणून निघणारी ती जत्रा-कम-मोर्चा आहे. तुमच्या तारखा त्या आसपास असतील तर आजी-आजोबांना घेऊन त्या दिवसांत नको.

परत आमच्याकडं येतो. ब्रिस्बेनला मागं फिरायला उशीर झाला होता आणि अंधारात त्या वळणांवर एवढं धूड चालवायची माझी छाती नव्हती. (संध्याकाळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या करारात रात्रीच्या प्रवासाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.) शोग्राउंडवर, म्हणजे जिथं गावची शेतकी जत्रा भरते त्या मैदानात, व्हॅनवाल्यांना थांबू देतात. तिथं वीज जोडून घेतली, कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या व्हॅनमधले आजोबा धावत आले, त्यांना वाटलं गॅस फुटतोय. त्यांना वरण-भात खाऊ घातला. जाताना ते म्हणाले, सकाळी जुन्या बटर फॅक्टरीत जा, नुसता रस्ता बघून निघू नका.

बटर म्हटल्यावर आबांचे कान टवकारले. आबा तालुक्याच्या दूध संघात ३१ वर्षं होते. फॅट आणि डिग्री लावण्यापासून सुरुवात केलेली.

निंबिन मुळात हिप्पींचं गाव नव्हतंच. ते दुधाचं गाव होतं. गवळी शेतकरी घरीच सेपरेटरवर साय काढायचे, ती कॅनमधून फॅक्टरीत जायची, उरलेलं दूध डुकरांना. फॅक्टरी नॉर्कोची. नॉर्को म्हणजे या पट्ट्यातला शेतकऱ्यांचा सहकारी संघ, १८९५ साली बायरन बे इथं सुरू झालेला, आणि अजूनही सहकारीच आहे. पुढं लहान गोठे परवडेनात, साठच्या दशकात धंदा बसत गेला, पोरं शहराकडं गेली, कलन स्ट्रीटवरच्या दुकानांना कुलपं लागली. अशा मरायला टेकलेल्या गावात मे १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थी संघटनेनं दहा दिवसांचा ‘अक्वेरियस’ महोत्सव भरवला. ओसाड दुकानं पोरांनी रंगवली ती तेव्हा. महोत्सव संपला आणि बरेच जण परत गेलेच नाहीत. जमीन स्वस्त होती, कारण गाई गेल्या होत्या.

त्या महोत्सवाची आणखी एक गोष्ट इथं अभिमानानं सांगतात. तिथल्या मूळच्या बुंडजलंग लोकांची आयोजकांनी रीतसर परवानगी मागितली होती. आज ऑस्ट्रेलियात मोठ्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला मूळ रहिवासी पाहुण्यांचं जे स्वागत करतात, ते ‘वेलकम टू कंट्री’, त्याची सुरुवात तिथून धरतात. गावाच्या दक्षिणेला निंबिन रॉक्सचे सुळके दिसतात, तेही त्या लोकांचं पवित्र ठिकाण आहे. रस्त्यावरून बघायचे, चढायला जायचं नाही.

बटर फॅक्टरी आता मेणबत्त्यांचा कारखाना आहे. दारातच गरम मेणाचा वास. आत वातींच्या जोड्या चौकटीला टांगलेल्या, एक बाई त्या मेणात बुडवते, वर काढते, निथळू देते, परत बुडवते. दर वेळी जाडी कागदाएवढी वाढते. मुलगा अर्धा तास हलला नाही, हे मी टॅब्लेटशिवायच्या त्याच्या आयुष्यातलं रेकॉर्ड म्हणून नोंदवून ठेवलंय. आबा मात्र मेणबत्त्यांकडं बघतच नव्हते. ते जमिनीचा उतार बघत होते. ‘पाणी मारून धुवायला ढाळ दिलाय बघ. हितं कॅन उतरत असणार.’ भिंतीला हात लावून बघितला. मग मला म्हणाले, ‘इचार तिला, फॅट किती लागायची हितल्या दुधाला?’

तिला ते माहीत नव्हतं. पण तिथं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या सत्तरीच्या एक बाई आमचं बोलणं ऐकून थांबल्या. पांढरी वेणी, पायांत गमबूट. त्या टंटेबल फॉल्सला राहतात म्हणाल्या. टंटेबल फॉल्स ही महोत्सवानंतर, १९७३ मध्येच लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली सहकारी वसाहत, जंगलात, गावापासून थोडं आत. जमीन सगळी सोसायटीच्या नावावर. तुम्ही भागधारक. घर स्वतःच्या हातानं बांधायचं, पण त्याखालची जमीन तुमची नाही. त्यामुळं बँक कर्जही देत नाही.

पुढचा पाऊण तास मी दुभाषा होतो. आबांचे प्रश्न असे: शेअर विकता येतो का, आणि कुणालाही का फक्त सभासदाला? घर पोराच्या नावावर होतं का? रस्त्याचा खर्च कोण देतं? थकबाकीदाराचं काय करता? बाईंची उत्तरं ऐकताना मला वाटायला लागलं की मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत बसलोय. रस्ता वाहून जातो आणि श्रमदानाला तेच ते आठ जण येतात. तरुणांना घरं मिळत नाहीत, म्हातारे शेअर सोडत नाहीत. शेवटी आबांनी विचारलं, ‘आणि मीटिंगला कोरम हुतो का?’ मी भाषांतर केलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना तिथल्या बाकड्यावर बसावं लागलं.

आबांना हिप्पी म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण ही माणसं त्यांना कळली.

तिथंच त्या बाईंनी जवळच्या टेरेनिया क्रीकची हकीकत सांगितली. १९७९ मध्ये वर्षावन तोडायला बुलडोझर आले, तेव्हा या लोकांनी रस्त्यात बसून, झाडांवर चढून महिनाभर अडवून धरलं. जुन्या गावकऱ्यांना ते तेव्हा आवडलं नव्हतं, लाकूड हा रोजगार होता. पण तोड थांबली, १९८३ मध्ये नाइटकॅप राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या धबधब्याचं नावच ‘प्रोटेस्टर्स फॉल्स’. आम्हाला तिकडं जाता आलं नाही, कारण वाट कच्ची आहे आणि भाड्याच्या मोटारहोमला कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. तुमचंही तेच होईल. तुमच्याकडं लहान गाडी असती तरी धबधब्याखाली अंघोळीला मनाई आहे, दुर्मिळ बेडकांसाठी.

वीज हा दुसरा विषय. या वसाहतींपर्यंत तारा कुठून येणार? मग इथल्याच लोकांनी १९८७ मध्ये ‘रेनबो पॉवर कंपनी’ काढली, छपरावर सौर पट्ट्या आणि खाली बॅटऱ्या. ज्या काळात आपल्याकडं लोडशेडिंगला कंदील पुसून ठेवत होतो, त्या काळात.

आता गाडीचं. साडेचार टनांपर्यंतच्या मोटारहोमला साधं कारचं लायसन्स चालतं आणि आपलं इंग्रजीतलं भारतीय लायसन्स पाहुण्यांना चालतं. गाडी डावीकडूनच. पण मी मर्विलम्बा-उकीवरून आलो ती चूक केली. तो रस्ता देखणा आहे, एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीच्या पोटातून जातो, पण अरुंद, वळणांचा, आणि डाव्या अंगाच्या फांद्या गाडीच्या कपाळाला घासतात. एका फांदीनं छपराचा कोपरा ओरबाडला आणि ठेवीतले पैसे कापले गेले. गाडीत तुम्ही एकटेच चालवणारे असाल तर हायवेनं बँगलोपर्यंत या, तिथून लिस्मोर आणि मग उत्तरेला तीसेक किलोमीटर. हाही रस्ता सरळ नाही, पण सात मीटरच्या गाडीला सुसह्य आहे. २८ फेब्रुवारी २०२२ ला लिस्मोरमध्ये नदी १४.४ मीटरवर गेली होती आणि डोंगरातले रस्ते ठिकठिकाणी खचले होते. म्हणून पावसाळी दिवसांत, म्हणजे इथं जानेवारी ते एप्रिल, निघायच्या आधी रस्ता चालू आहे का बघा. मोठी गाडी कलन स्ट्रीटवर आत घालू नका. दुकानांच्या मागं पार्किंग आहे, तिथं लावा आणि चालत या, गाव दहा मिनिटांत संपतं. दूध, भाज्या, डाळी लिस्मोरलाच भरून घ्या. सांडपाणी आणि संडासाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी टाकी, ओतायची जागा ॲपवर आदल्या दिवशीच हेरून ठेवा. हा विषय लाजेपोटी पुढं ढकलला की तो वासानं पुढं येतो.

जुन्या व्हिडिओंत रंगीत मोटारी भिंतीतून बाहेर आलेलं एक म्युझियम दिसेल. ते शोधत बसू नका, ऑगस्ट २०१४ च्या आगीत ते आणि शेजारचा रेनबो कॅफे जळाला. त्याऐवजी महिन्याचा दुसरा रविवार साधता आला तर जवळच्या द चॅनन गावचा बाजार गाठा. तिथं स्वतः केलेलं, भाजलेलं किंवा पिकवलेलंच विकता येतं. सासूबाईंना तो निंबिनपेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो.

सुरक्षिततेचं विचारलंत. रात्री आम्हाला काही त्रास झाला नाही, दार लावून झोपलो, बस्स. सकाळी दहाच्या सुमाराला गाव सगळ्यात छान असतं. सहलीच्या बसेस अजून यायच्या असतात, त्यांतली पोरं तासभर फोटो काढून परत बायरन बेला जातात. त्या वेळेत बेकरीसमोर बसा. पंचाहत्तरीचे आजोबा आणि त्यांची कडेवरची पणतवंडं दिसतील, आणि एखादा खरोखर बिघडलेला माणूसही. तो दिसला की मुलं प्रश्न विचारतील. आमच्यानं विचारले. उत्तर तयार ठेवा.

आणि हो, सासऱ्यांनी आयुष्यात कुठल्या दूध संघात, पतसंस्थेत किंवा सोसायटीच्या कमिटीत काम केलं असेल, तर एका रात्रीऐवजी दोन धरा.