सेनहायझर आयई ९०० की ६४ ऑडिओ यू१२टी: आवाज कुणाचा सरस, हे कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय की या दोन आयईएमपैकी (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोन) जास्त चांगला आवाज कुणाचा, आणि दुकानात अर्धा तास ऐकून ते कळेल का. आयई ९०० माझ्याकडे आहे. यू१२टी वाशीच्या मैत्रिणीचा. गेल्या मे महिन्यात तिने तो मला तीन आठवडे वापरायला दिला होता. मी गाणं शिकलेय आणि दिवसभर ऑडिओ एडिटिंगचं काम करते, तेव्हा तीन आठवडे भरपूर ऐकणं झालं. सरळ सांगते: आपलं शास्त्रीय गाणं ऐकायला मी यू१२टी घेईन. पण दुकानातल्या अर्ध्या तासात तुम्हाला हे कळणं कठीण आहे, आणि माझा कौल तुमच्या कानाला लागू पडेलच असंही नाही.

आधी टिपांचं बघा, म्हणजे आयईएमच्या टोकाला लावायच्या मऊ टोप्यांचं. पाच वर्षांपूर्वी एक चांगला आयईएम मी ‘याला खालचा आवाजच नाही’ म्हणून अर्ध्या किमतीत विकून टाकला. पुढे वर्षभराने कळलं की माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे. डावीकडे मधल्या मापाची टिप बसल्यासारखी वाटायची, पण बारीकशी फट राहायची आणि तेवढ्या फटीतून सगळा बेस निघून जायचा. तेव्हापासून मी डाव्या कानाला मोठी आणि उजव्याला मधली टिप लावते. त्या विकलेल्या आयईएमची हळहळ अजून वाटते.

हे तपासायला माझ्याकडे एक रेकॉर्डिंग आहे. वडिलांचा मिरजेचा तानपुरा, काळी एकमध्ये लावलेला, घरीच रेकॉर्ड केलेला. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झच्या जरा वर. इथे कान फसवतो. खर्जाचा मूळ स्वर आयईएममधून येतच नसला, तरी वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे उपस्वरांवरून, मेंदू तो भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, खर्ज ऐकू आला की! म्हणून ‘स्वर ऐकू येतो का’ हा प्रश्नच चुकीचा. खर्ज छेडल्यावर त्याला वजन आहे का, ते बघायचं. तानपुरा चालू असताना आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. खर्ज एकदम भरला, तर आधी फट होती असं समजा आणि टिप बदला. दोन्ही कानांचं वेगवेगळं करा. मे महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. गोखले रोडची रहदारी नको म्हणून खिडकी बंद, घरघर नको म्हणून पंखा बंद, की दहा मिनिटांत घामाने सिलिकॉनची टिप सरकायला लागते. दर थोड्या वेळाने कान पुसून ती पुन्हा बसवावी लागते.

मग व्हॉल्यूम. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. नीट तुलना करायची तर पातळीतला फरक ०.२ डेसिबलच्या आत हवा, आणि फोनच्या व्हॉल्यूमची एक पायरी बहुधा त्याच्या कितीतरी पट असते. हे दोन आयईएम सारख्याच व्हॉल्यूमवर सारखे वाजत नाहीत, त्यामुळे दुकानात नुसती वायर बदलून ऐकलं तर जो मोठा वाजतो तोच जिंकतो. माझ्याकडे कृत्रिम कानासारखा एक स्वस्त कपलर आहे, त्यावर मी पातळी जुळवते. तुमच्याकडे नसेल तर ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा आणि अर्ध्या-अर्ध्या डेसिबलची पायरी देणाऱ्या अ‍ॅपवर तो आवाज दोन्हींत सारख्या अंतरावरून आल्यासारखा वाटेपर्यंत जुळवा. तंतोतंत नाही जुळणार, पण नुसत्या फोनच्या बटणापेक्षा खूप बरं.

एवढं केल्यावर मला काय ऐकू आलं ते सांगते. आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, म्हणजे पडदा हलवून वाजणारा छोटासा स्पीकर. यू१२टीत प्रत्येक कानाला १२ बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे बारीक पत्ती हलवून वाजणारे आणखी छोटे ड्रायव्हर: खालच्या भागाला ४, मधल्याला ६, वरच्या मधल्याला १ आणि सगळ्यात वर १, ज्याला कंपनी ‘टिया’ म्हणते. बारा म्हणजे एकापेक्षा चांगले, असा हिशेब मात्र करू नका.

तबल्यात फरक सगळ्यात ठळक कळतो. डग्ग्यावरचा ‘घे’ आयई ९०० मध्ये पोटात जाणवतो. हवा ढकलली गेल्यासारखा येतो आणि मनगट दाबून मींड काढली की ती शेवटपर्यंत ऐकू येते. यू१२टीत तोच ‘घे’ गोल आणि भरीव आहे, पण धक्का जरा कमी. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ उलटा वागला. आयई ९०० ने तो इतका पुढे आणला की द्रुत एकतालात मला दहा मिनिटांत थकवा आला. यू१२टीत ‘ना’ची धार होती, पण टोचली नाही, आणि त्यामागे शाईचा (मधल्या काळ्या लेपाचा) स्वर सुरात उभा राहिलेला ऐकू आला. (शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. म्हणूनच तबला सुरात मिळवता येतो आणि म्हणूनच आयईएम पारखायला तो इतका उपयोगी.) तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की स्वर उघडतो, तो क्षणही माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. दोन्हींत तो स्पष्ट कळतो. यू१२टीत उघडलेली जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, गायकाच्या आवाजाभोवती पसरते, आयई ९०० मध्ये ती आवाजाच्या पुढे येऊन बसते. गायकाचा आवाजही आयई ९०० मध्ये मला किंचित मागे वाटला. माझी निवड ठरली ती इथे.

आता हे सगळं ‘माझ्या कानात’ का म्हणते? कानाची नळी बंद केली की आत उरलेल्या हवेचा स्वतःचा एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एक ठरावीक स्वर जास्त घुमतो, साधारण ७-९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तो नेमका कुठे येणार हे तुमची नळी केवढी आणि आयईएम किती आत जातो यावर ठरतं. जितका आत, तितका तो वर सरकतो. मोजणीच्या कपलरलाही असाच अनुनाद असतो, म्हणून ग्राफवरचा ८ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग डोळे झाकून खरा मानू नये. तुमचा स्वतःचा शोधायला ५ ते १० किलोहर्ट्झ हळूहळू चढत जाणारा टोन अगदी कमी आवाजात लावा. एका जागी तो टोचतो. माझ्या कानात आयई ९०० चा टोचणारा बिंदू नेमका ‘ना’ची धार जिथे आहे तिथे पडतो. तुमचा दुसरीकडे पडला, तर तुम्हाला हाच आयईएम खुला आणि मोकळा वाटेल.

म्हणून एक प्रयोग आवर्जून करा. विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हे वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात मी माझा तो बिंदू ४ डेसिबलने खाली आणला आणि खालचा भाग थोडा कमी केला. तबल्याचा थकवा गेला, गायक पुढे आला आणि दोन्हींतला अर्ध्याहून अधिक फरक तिथेच संपला. ‘डिटेल’ (बारकावे) आणि ‘स्टेज’ (आवाजाचा पसारा) म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातलं बरंचसं असं स्वरांच्या समतोलातून येतं, हे माझं ठाम मत आहे. आयई ९०० तुमच्याकडे आधीपासून असेल, तर दुसरा घेण्याआधी हे नक्की करून बघा.

कशाला लावून ऐकणार, हेही सांगून ठेवते. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर असलेल्या आयईएमचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) स्वरागणिक बदलतो, त्यामुळे सोर्सचा, म्हणजे फोनचा किंवा लॅपटॉपचा, आउटपुट इम्पीडन्स जास्त असला तर आवाजाचा रंगच बदलतो. कॅम्पफायर कंपनीचा अँड्रोमेडा हा आयईएम याबाबत फार हळवा आहे. यू१२टीचा इम्पीडन्स मुद्दाम सपाट ठेवलाय, तेव्हा तो लॅपटॉपवरही तसाच वाजतो. अ‍ॅपलचा साधा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) दोघांनाही पुरतो. चांदीच्या केबलवर पैसे घालवू नका.

तुम्ही रोज ठाणे-तुर्भे करता असं लिहिलंय, तेव्हा एक मुद्दा राहतो. लोकलची घरघर खालच्या स्वरांतच असते आणि तीच बेस गिळते. आयई ९०० चा उचललेला बेस ट्रान्स-हार्बरवर मला अगदी बेताचा वाटायचा, आणि घरी आल्यावर तोच जास्त. यू१२टीला बदलता येणारे मॉड्यूल आहेत: एम१५ बाहेरचा आवाज सुमारे १५ डेसिबल अडवतं, एम२० सुमारे २०. गाडीत एम२०, घरी एम१५, असं मी वापरत होते. प्लॅटफॉर्मवर आणि रूळ ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे ठेवा. आणि गाडीत व्हॉल्यूम चढवत नेऊ नका. सरासरी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

तेव्हा दुकानात जाताना स्वतःच्या टिपा, स्वतःचा डोंगल आणि नीट ओळखीची दोन रेकॉर्डिंग घेऊन जा. दहा-दहा सेकंदांचा एकच तुकडा आलटून-पालटून ऐका, कारण आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. जमल्यास आठवडाभर घरी न्यायला मिळतो का, ते विचारा. मला कानाला टोचणारा ‘ना’ कळला तो दुसऱ्या दिवशी, आणि गायक मागे असल्याचं पाचव्या दिवशी. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग हवं असेल तर सांगा, पाठवते.