आजोबांचे थोरले भाऊ तिरोड्याकडून गिरमिटिया (इंग्रजांच्या काळातले करारावरचे मजूर) म्हणून फिजीला गेले. ते कोणत्या जहाजाने गेले, हे कसं शोधायचं?

आधी जहाज शोधू नका, त्यांचा पास शोधा, म्हणजे देश सोडताना प्रत्येक मजुराच्या नावाने केलेला कागद. जहाजाचं नाव त्या पासावरच असतं.

1879 ते 1916 या काळात फिजीला साठ हजारांवर माणसं गेली. जहाजं 42 आणि फेऱ्या 87, म्हणजे तेच जहाज पुन्हा पुन्हा जायचं. त्यामुळे नुसत्या नावावर भागत नाही, सुटल्याची तारीखही लागते. 1903 पासून मद्रासहूनही जहाजं सुटू लागली, पण आपल्याकडच्या माणसासाठी आधी कलकत्ता पाहा. पास सुवा इथल्या फिजीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण आणि जवळचा नातेवाईक एवढं लिहिलेलं असतं.

जिल्ह्याच्या रकान्यात गोंदिया शोधाल तर हाती काहीच लागणार नाही. तो 1999 साली झाला, तेव्हा तिरोडा भंडाऱ्यात होता. तसंच गडचिरोलीच्या माणसाने 'चांदा' (आताचं चंद्रपूर) पाहावं.

आडनाव बहुतेक नसतंच, म्हणून बापाचं नाव पक्कं करून घ्या. त्यासाठी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढा, जातपडताळणीला काढतो तीच. थोरल्याची नोंद नसली तरी तुमच्या आजोबांची मिळू शकते, आणि बाप तर दोघांचा एकच.

आमच्या आजोबांच्या भावाचा पास तिकडच्या नातवाने फोनवर पाठवला. गावाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की मला उलगडेना. कारकुनाने कानाला आलं तसं उतरवलेलं. शेवटी आत्यासमोर ते दोन-तीनदा मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "अरे, हे तर आपलंच गाव होय!" मग खुणेचा रकाना वाचला: डाव्या नडगीवर जखमेचा व्रण. आत्या गप्पच झाली. वखर लागून मोठेबाबाची नडगी फाटली होती, हे तिने आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

म्हणून घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ आजच बसा. व्रण, गोंदण, अधू बोट, जे आठवेल ते लिहून घ्या. एकाच नावाची पाच माणसं निघाली तर आपला माणूस त्यावरूनच ओळखू येतो.

आमच्या पासावर नातेवाईक म्हणून धाकट्या भावाचं नाव होतं. म्हणजे आमच्या आजोबांचं.