लहान मुलांची डॉक्टर आणि मिलिटरी कॉलेज?

प्रश्न : चिलीच्या माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट मिलिटरी कॉलेजात शिकल्या असं कुठंतरी वाचलं, पण त्या तर डॉक्टर ना? हे कसं काय?

उत्तर : बरोबर वाचलंत. वॉशिंग्टनमध्ये फोर्ट मॅकनेअर म्हणून जुना लष्करी तळ आहे, अगदी नदीकाठी, तिथं १९६२ साली इंटर-अमेरिकन डिफेन्स कॉलेज सुरू झालं. हे एनडीएसारखं पोरांना सैनिक बनवणारं कॉलेज नाही हं! इथं येतात ते कर्नल लेव्हलचे अनुभवी अधिकारी, पोलिसातले, आणि सरकारी खात्यांतले सिव्हिलियनसुद्धा, तेही उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या वेगवेगळ्या देशांतून, त्यामुळे वर्गात स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्लिश सगळं चालतं. कवायत वगैरे नाही, अभ्यास सुरक्षा धोरणाचा, आणि आता तर मास्टर्सची डिग्रीही मिळते.

बाचेलेटबाई लहान मुलांच्या डॉक्टर, पण त्यांनी आधी चिलीतच लष्करी धोरणाचा कोर्स केला, त्यात पहिल्या आल्या आणि स्कॉलरशिपवर इकडे आल्या. त्यांचे वडील हवाई दलात जनरल होते, लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत छळ होऊन १९७४ ला तुरुंगातच वारले. तरी ही बाई लष्कर समजून घ्यायला त्यांच्याच बाकावर जाऊन बसली, मला तर कमाल वाटते. २००२ ला संरक्षणमंत्री, २००६ ला राष्ट्राध्यक्ष.

आपल्याकडे असंच म्हणाल तर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, १९६० चं. तिथंही ब्रिगेडियरच्या शेजारी आयएएसवाले बसतात, परदेशी अधिकारीही असतात.