पर्यावरण वाचवायचं तर खासगीपणा सोडावा लागेल का?

तुम्ही विचारलंय की सरकारच्या हातातलं तंत्रज्ञान, आपला खासगीपणा आणि पर्यावरण हे तीन वेगळे विषय आहेत की एकच. आणि पर्यावरणासाठी सगळीकडे मोजमाप वाढणारच असेल, तर खासगीपणावर पाणी सोडायचं का? माझं पोट सर्व्हर, म्हणजे इतरांची माहिती साठवणारे मोठे संगणक, सांभाळण्यावर चालतं, त्यामुळे मी हे सगळं जरा सर्व्हरच्या खोलीतून बघतो. ते लक्षात ठेवून वाचा.

सुरुवात एका पाणीपट्टीपासून करतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्लफडेल नावाचं शहर आहे. तिथे एनएसए या तिथल्या गुप्तहेर संस्थेने अवाढव्य डेटा सेंटर, म्हणजे अशा सर्व्हरचं कोठार, बांधलं. सर्व्हर रात्रंदिवस तापतात आणि त्यांना थंड ठेवायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ होऊ देणं. हे केंद्र सुरू होण्याआधी छापून आलेला अंदाज दिवसाला १७ लाख गॅलनचा, म्हणजे साधारण ६४ लाख लिटरचा होता. युटा तर कोरडं राज्य. तिथल्या वृत्तपत्राने शहराकडे पाणीवापराच्या नोंदी मागितल्या आणि एनएसएने हरकत घेतली. कारण काय दिलं? पाणी किती लागतं हे कळलं तर त्यावरून आतल्या संगणकांची ताकद काढता येईल आणि त्यावरून आम्ही किती माहिती गोळा करतो हेही ताडता येईल.

या युक्तिवादात तांत्रिकदृष्ट्या काही खोट नाही. माझ्यासारख्याला कूलिंगचे आकडे दिले तर आत किती भार चालू आहे हे मी बऱ्यापैकी सांगू शकतो. शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण थोडंच आधी, जून २०१३ मध्ये, एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून उघड झालं होतं की हीच संस्था कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी गोळा करते. कोणी कोणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोलणं झालं. तेव्हा अध्यक्ष ओबामांनी लोकांची समजूत काढली होती की तुमचं बोलणं कोणी ऐकत नाहीये. म्हणजे तुमच्या वरवरच्या नोंदींतून चिंता करण्यासारखं काही निघत नाही, आमच्या पाणीपट्टीतून मात्र सगळं निघतं!

२०१४ मध्ये युटाच्या सरकारी नोंदींविषयीच्या समितीने हे आकडे खुले करायला लावले. ते अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले, हा भाग वेगळा. त्याच वर्षी तिथल्या एका आमदाराने या केंद्राचं पाणीच तोडावं, अशा आशयाचं विधेयक मांडलं. ते पुढे सरकलं नाही. पण पाळत थांबवायला कोर्टकज्जे करण्याऐवजी सरळ तिचा नळ बंद करायचा, ही कल्पना मला अजूनही आवडते.

आता याच प्रसंगाची उलटी बाजू, म्हणजे तुमच्या घरातला मीटर. एमआयटीमधले जॉर्ज हार्ट हे संशोधक १९८०च्या दशकात सौरऊर्जेवर चालणाऱ्या घरांच्या वीजवापराचा अभ्यास करत होते. हेतू अगदी पर्यावरणवादी. त्यांच्या लक्षात आलं की घराच्या एकूण वीजवापराच्या आलेखात प्रत्येक उपकरणाची स्वतःची पायरी दिसते. फ्रिजची वेगळी, हीटरची वेगळी, धुलाई यंत्राची वेगळी. घरात एकही जादा तार न टाकता, फक्त बाहेरच्या मीटरवरून आत काय चालू-बंद झालं हे ओळखता येतं. त्यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९८९ मध्ये स्वतःच लेख लिहून इशारा दिला की यातून पाळत ठेवता येईल. स्वतःच्या शोधाचे तोटे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारा माणूस मला आमच्या क्षेत्रात फार क्वचित दिसतो.

स्मार्ट मीटरने, म्हणजे वापराचे आकडे आपोआप कंपनीकडे पाठवणाऱ्या मीटरने, हेच घरोघरी नेलं. वीज वाचावी, वारा आणि सूर्य यांच्या लहरीप्रमाणे मागणी जुळवून घेता यावी, यासाठी ते हवेत आणि ते कारण खरंही आहे. पण दर पंधरा मिनिटांचं वाचन म्हणजे तुम्ही कधी उठता, कधी घराबाहेर पडता, घरात एकटे आहात की पाहुणे आलेत, रात्री कोण जागं आहे याची डायरीच. अमेरिकेत इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहरातलं प्रकरण अपिलाच्या न्यायालयात गेलं तेव्हा, २०१८ मध्ये, न्यायालयाने मान्य केलं की दर पंधरा मिनिटांनी वाचन घेणं ही घटनेच्या भाषेत ‘झडती’ आहे. पण ती पोलिसांसाठी नसून वीजव्यवस्थेसाठी आहे, म्हणून रास्त आहे, असंही म्हटलं. सोबत सूचक इशारा दिला की वाचनं आणखी जवळजवळ घेतली किंवा पोलिसांना ती सहज मिळू लागली, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. नेदरलँड्समध्ये तर सरकारला असे मीटर सक्तीचे करायचे होते. तिथल्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावर ते विधेयक अडवलं. पुढे कायदा झाला तो नकाराचा हक्क ठेवून. मीटर घ्या पण त्याचं दूरवाचन बंद ठेवा, अशीही सोय त्यात होती. यामुळे काही तिथली वीजव्यवस्था कोसळली नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. पर्यावरणाच्या कामाला बहुतेक वेळा वस्तीचा हिशेब पुरतो. एकेका घराचा हिशेब लागतो तो पाळतीला. वस्तीच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी सातला किती भार येतो हे कळलं की वीजव्यवस्था आखता येते. तो भार नेमका कोणाच्या गीझरचा, हे कळून झाडं वाचत नाहीत. बिलासाठी महिन्याचा एक आकडा लागतो, वेळेनुसार दर असेल तर दोन-चार आकडे. ती बेरीज मीटरच्या आतच करून फक्त उत्तर बाहेर पाठवता येतं. अशी रचना करणं अवघड नाही. ती फारशी होत नाही याचं कारण तंत्रात नाही. ‘आत्ता घेऊन ठेवू, पुढे लागेल’ ही सवय आहे.

या सवयीविषयी थोडं घरातलं सांगतो. मी पूर्वी एका ठिकाणी काम करत होतो, तिथे वापरकर्त्यांच्या हालचालींचे लॉग, म्हणजे नोंदी, वर्षानुवर्षांचे साठले होते. कोणी वाचत नव्हतं. मी विचारलं, पुसू का? वकील म्हणाले तंत्रज्ञांना विचारा, तंत्रज्ञ म्हणाले वरिष्ठांना विचारा, वरिष्ठ म्हणाले वकिलांना विचारा. साठवण्यासाठी कोणाचीच सही लागत नव्हती, पुसायला मात्र तिघांच्याही सह्या हव्या होत्या. मग त्या लॉगचे बॅकअप, बॅकअपचेही बॅकअप, ते ठेवायला आणखी डिस्क, डिस्कना वीज, विजेच्या उष्णतेला कूलिंग. आणि उद्या कोणी आदेश घेऊन आलं, तर हे सगळं हातात द्यायला तयार. खासगीपणा आणि पर्यावरण हे वेगळे विषय नाहीत असं मला पहिल्यांदा वाटलं ते या सर्व्हरच्या रॅकसमोर उभं राहून. जी नोंद ठेवलीच नाही तिला ना वीज लागते, ना ती कोणी मागू शकतं.

सरकारं हेच कायद्याने करवून घेतात तेव्हा प्रमाण कुठल्या कुठे जातं. युरोपीय संघाने २००६ मध्ये दूरसंचार कंपन्यांना सांगितलं की सगळ्यांच्या फोन आणि इंटरनेटच्या नोंदी किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं ठेवा. संशयितांच्या नव्हे, सगळ्यांच्या. एप्रिल २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरवला. पुढे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात ‘लागेल तेवढीच माहिती घ्या, लागेल तेवढाच काळ ठेवा’ हे तत्त्व आलं. लोक त्याला खासगीपणाचा नियम म्हणतात. मला तो काटकसरीचा नियमही वाटतो.

अर्थात इथे मला थोडं आवरतं घ्यायला हवं. डेटा सेंटरची सगळी भूक पाळतीमुळे नाही. व्हिडिओ, व्यापार, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, असं बरंच काही त्यात आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाच्या एकूण विजेपैकी साधारण दीड टक्का डेटा सेंटरनी वापरली. ऐकायला कमी वाटतं. पण ती जगभर समान पसरलेली नसते, ठरावीक ठिकाणी एकवटते. आयर्लंडमध्ये २०१५ साली देशाच्या विजेतला डेटा सेंटरचा वाटा ५ टक्के होता, २०२३ मध्ये २१ टक्के झाला. तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांची मिळून वीज त्या वर्षी १८ टक्के होती.

आणि हे आकडे लोकांना सहज मिळतात असंही नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या द डॅल्स या गावात गूगलची डेटा सेंटर आहेत. वृत्तपत्राने विचारलं, ती पाणी किती घेतात? २०२१ मध्ये गावाने ते सांगण्याऐवजी वृत्तपत्रालाच न्यायालयात खेचलं. म्हणे, हे व्यापारी गुपित आहे. वर्षभराने तडजोड झाली आणि आकडे आले, तेव्हा कळलं की गावाच्या एकूण पाण्यापैकी पाव हिश्श्याहून जास्त पाणी तिथे जात होतं. पाणी कुठे मुरतंय हा मराठीतला प्रश्न इतक्या शब्दशः मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तेव्हा मोजमापाला माझा विरोध नाही, उलट काही मोजमापं मला आणखी हवी आहेत. प्रश्न इतकाच की दुर्बीण कोणाकडे वळलेली आहे. बीजिंगमधल्या अमेरिकी दूतावासाने २००८ मध्ये गच्चीवर एक यंत्र बसवून हवेतल्या बारीक कणांचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली, आणि सरकारी ‘आज आकाश निळं आहे’ या छापाच्या घोषणांशी ते जुळेनात. चीनने ते थांबवायला सांगितलं. पण काही वर्षांतच चिनी शहरं स्वतः तेच आकडे जाहीर करू लागली. ब्राझीलमध्ये उपग्रहांवरून जंगलतोड मोजणारी सरकारी अवकाश संस्था १९८८ पासून वर्षावर्षाचा हिशेब ठेवते. २०१९ मध्ये तोड वाढल्याचे आकडे आले, अध्यक्ष बोल्सोनारोंनी ते खोटे ठरवायचा प्रयत्न केला आणि संस्थेचे संचालक रिकार्डो गॅल्वाओ यांना पद सोडावं लागलं. संचालक गेले, पण आकडे आणि उपग्रहांची चित्रं खुली होती, ती कोणालाही पडताळून बघता येत होती. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं तेही असंच. गाडी चाचणीला लावली आहे हे तिचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. विद्यापीठातल्या लोकांनी मोजणीचं यंत्र गाडीत टाकून ती रस्त्यावर चालवली. अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या जगभर विकल्या गेल्या होत्या.

या तिन्ही ठिकाणी मोजलं गेलं ते हवा, जंगल आणि धूर. कोणाच्या घरात डोकावावं लागलं नाही. उलट सत्तेला नको असलेले हे आकडे बाहेर आणणाऱ्या आणि त्यावरून रस्त्यावर उतरणाऱ्या माणसांनाच खासगीपणाची सगळ्यात जास्त गरज असते. २०२१ मध्ये पॅरिसमधल्या हवामान आंदोलकांच्या मागे लागलेल्या फ्रेंच पोलिसांनी स्वित्झर्लंडमार्फत प्रोटॉन या ईमेल कंपनीला आदेश मिळवून दिला आणि कंपनीला एका खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे ते इंटरनेटवर कुठून वापरलं जातं याचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. खासगीपणाच्याच नावावर चालणारी कंपनी होती ती! पत्रांतला मजकूर त्यांच्याकडे वाचण्याजोगा नव्हता, म्हणून तो देता आला नाही. म्हणजे आश्वासन कामी आलं नाही, हातात नसणं तेवढं कामी आलं. म्हणून पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांनी ‘खासगीपणा ही चैन आहे’ असं म्हटलं की मला जरा आश्चर्य वाटतं. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडण्यासारखं आहे ते.

दरम्यान युरोपात एक बरी गोष्ट झाली आहे. २०२३च्या ऊर्जा-कार्यक्षमता कायद्यानुसार ५०० किलोवॉटच्या वरच्या डेटा सेंटरना वीज आणि पाणी यांचा हिशेब द्यावा लागतो.

तुमच्यापुरतं म्हणाल तर, स्मार्ट मीटर बसवायला कोणी आलं तर भांडू नका, पण चार गोष्टी विचारा: किती मिनिटांनी वाचन घेतलं जातं, ते घरातून बाहेर कुठल्या स्वरूपात जातं, किती दिवसांनी पुसलं जातं, आणि पोलिसांनी मागितलं तर न्यायालयाचा आदेश लागतो की नुसतं पत्र पुरतं. बसवायला आलेल्या माणसाला याची उत्तरं बहुतेक माहीत नसतील, बिचाऱ्याचं ते कामही नाही. कंपनीला लेखी विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.