विकसनशील देशांतल्या रुग्णालयांत मुलांचे वेगळेच कर्करोग दिसतात, ते का?

तुम्ही विचारलंय की, गरीब देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये मेंदूच्या गाठी कमी आणि डोळ्याच्या, पोटाच्या, जबड्याच्या गाठी भरपूर असतात, मग तिथल्या मुलांना निराळेच कर्करोग होतात का? मी लहान मुलांच्या कर्करोग विभागात डॉक्टर आहे. माझ्या मते यातला थोडा फरक आजाराचा आहे, बराचसा दवाखान्यापर्यंत कोण पोचतं याचा.

आजाराचा खरा फरक म्हणजे बर्किट लिम्फोमा, हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग. डेनिस बर्किट हे युगांडात काम करणारे सर्जन. मुलांच्या जबड्यावर झपाट्याने वाढणाऱ्या या गाठींबद्दल त्यांनी १९५८ साली लिहिलं, आणि १९६४ मध्ये त्याच गाठींच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. हा विषाणू जगभर बहुतेकांच्या अंगात असतो, पण लहानपणापासून वारंवार मलेरिया होत राहिला की त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेत हा आजार इतका. एचआयव्ही जास्त असलेल्या भागांत मुलांमध्ये कापोसी सार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोगही दिसतो.

आता मेंदूच्या गाठी. श्रीमंत देशांत मुलांच्या कर्करोगांत ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, खालोखाल याच येतात. इतरत्र त्या होत नाहीत असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. पोराचं डोकं दुखतं, सकाळी उठल्या उठल्या उलटी होते, चालताना तोल जातो. आधी जंताचं औषध होतं, मग चष्मा होतो. स्कॅनचं मशीन आणि मेंदूचा सर्जन दोन्ही दूर, त्यामुळे आजाराला नाव मिळण्याआधीच मूल जातं आणि नोंद होतच नाही. ल्युकेमियाचंही तेच. ताप, फिकटपणा, पाय दुखणे. मलेरिया किंवा रक्तक्षय समजून उपचार सुरू राहतात. त्यात कुणी स्टिरॉइड दिलं तर काही दिवस ताप उतरतो, दुखणं थांबतं, आणि निदान आणखी लांबतं. हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची मानेतली गाठ तर कित्येकदा महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खात असते.

उलट, जे डोळ्यांना दिसतं ते नोंदीत येतं. रेटिनोब्लास्टोमात, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगात, बाहुलीत पांढरी चमक दिसते. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. या टप्प्याला मूल आलं तर जीव जवळजवळ नक्की वाचतो, अनेकदा डोळाही. पण 'मोठं झालं की जाईल' म्हणत थांबलेली मुलं डोळा खोबणीबाहेर आल्यावर येतात. विल्म्स ट्यूमर ही मूत्रपिंडाची गाठ आंघोळ घालताना आईच्याच हाताला लागते. (येणारा प्रत्येक जण ती दाबून बघतो. ते करू नये, गाठ फुटू शकते.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. संघटनेने २०१८ मध्ये उपक्रम सुरू करून २०३० पर्यंत जगभरात कमीत कमी ६० टक्के मुलं वाचावीत हे लक्ष्य ठेवलंय. औषधं नसणं हे एक कारण आहेच. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, हेही.

मला सगळ्यात जास्त छळणारं कारण म्हणजे उपचार मध्येच सुटणं. ल्युकेमियाचा पहिला टप्पा साधारण महिन्याभराचा; तो नीट पार पडला की मूल खायला लागतं, खेळायला लागतं. पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षांचे. बापाचा रोज बुडालेला, घरी दुसरी लेकरं, आणि समोर हे ठणठणीत दिसणारं पोर. त्यांना 'अजून दोन वर्षं या' हे पटवायला डॉक्टरपेक्षा राहायची फुकट सोय आणि एसटीचं भाडं जास्त कामाला येतं. बर्किटमध्ये ही अडचण कमी, कारण त्याचा इलाज काही महिन्यांत आटोपतो.